कुठलं उणे सात? : बर्फावरच्या घर्षणाच्या प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

आजपासून वही सुरू. प्रश्न एका ओळीत असा: हवामान बदललं की बर्फावरची घसरण किती बदलते आणि का?

माझा सुरुवातीचा अंदाज आजच लिहून ठेवते, म्हणजे पुढे आकडे आल्यावर तो गुपचूप बदलायचा मोह होणार नाही. बर्फ वितळायच्या जितका जवळ, तितका निसरडा. शून्य अंशाला वेग सर्वांत जास्त, आणि थंडी वाढेल तसा कमी कमी.

साधनं मोजकीच आहेत. प्रयोगशाळेतला आडवा डीप फ्रीझर, ६० सेमी लांब आणि १५ सेमी रुंद ॲल्युमिनियमचा ट्रे, एका टोकाखाली सारायला लाकडी पाचर, तळ गुळगुळीत घासून घेतलेला पोलादी ठोकळा आणि सेकंदाला २४० चित्रं टिपणारा मोबाइल. ट्रेला ५ अंशांचा उतार द्यायचा, ठोकळा सोडायचा आणि ४० सेमी पार करायला किती वेळ लागतो ते चित्रं मोजून काढायचं. वेळेवरून त्वरण मिळतं आणि त्वरणावरून घर्षणांक, म्हणजे बर्फावर पडणाऱ्या भाराच्या मानानं घर्षणाचं बल किती, तो आकडा.

आधी कागदावर दोन टोकं काढली. घर्षण मुळीच नसेल तर ४० सेमीला ०.९७ सेकंद लागतील. घर्षणांक ०.०८७ च्या वर गेला तर ठोकळा या उतारावर वेगच घेणार नाही. माझी सगळी मोजमापं या दोन टोकांच्या मध्ये पडायला हवीत.

५ जानेवारी

बर्फ ‘करणं’ हेच एक काम निघालं. काल संध्याकाळी नळाचं पाणी एकदम ट्रेभर ओतलं होतं. सकाळी पाहते तर मधोमध उंचवटा आणि त्याच्याखाली पांढुरक्या बुडबुड्यांचा पुंजका. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. कडा आणि वरचा थर आधी गोठतात, मग आत कोंडलेल्या पाण्याला वर ढकलण्यावाचून मार्ग राहत नाही. पाण्यात विरघळलेली हवाही शेवटी तिथेच अडकते.

मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, “अगं, रिंकवर, म्हणजे स्केटिंगच्या मैदानावरसुद्धा एकदम पाणी ओतत नाहीत. पातळ थर देतात, तो गोठला की पुढचा. घाई केलीस तर बर्फ नाही, डोंगर मिळेल.”

मग पाणी उकळून गार केलं आणि तीन-तीन मिलिमीटरचे थर दिले. शेवटच्या थरावरून कोमट केलेली सपाट पट्टी एकदा अलगद फिरवली. आता फूटपट्टी उभी धरली तर खालून कुठेही उजेड दिसत नाही.

७ जानेवारी

पहिली मोजणी, फ्रीझर उणे १८ वर. आकडे: १.२१, १.५८, १.७०, १.७३, १.७२ सेकंद.

पहिले दोन आकडे वेगळे का, हे शोधण्यात दुपार गेली. ठोकळा टेबलावर ठेवलेला होता, म्हणजे खोलीच्या तापमानाचा. तो बर्फावर टेकताच खालचा बर्फ वितळून पाणी झालं आणि पहिल्या फेरीत तो सुसाट गेला. दुसऱ्या फेरीपर्यंत थोडा गार झाला, तिसऱ्यापासून बर्फाच्या तापमानाला आला. खालच्या टोकाला जिथे तो थांबला होता, तिथे त्याच्या तळाचा नेमका आयत बर्फात उमटलेला आहे. कडा इतक्या रेखीव, की बोटानं चाचपता येतात.

बॉबस्ले आणि ल्यूज या बर्फाच्या घसरमार्गावरच्या शर्यतींत गाडीच्या पोलादी पट्ट्यांचं तापमान सुरू होण्याआधी तपासतात, ते याचसाठी. बाहेर टांगलेल्या प्रमाण पट्टीपेक्षा ठरावीक अंशांहून त्या जास्त गरम निघाल्या, तर खेळाडू बाद. आज त्या नियमाचं कारण माझ्या ट्रेमध्ये दिसलं.

यापुढे ठोकळा आदल्या रात्रीपासून फ्रीझरमध्येच, आणि हाताळायचा तो लाकडी चिमट्यानं.

८ जानेवारी

आज मोजणी नाही. बर्फ मुळात निसरडा का, हे नीट समजून घेतल्याशिवाय हवामानाबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

शाळेत शिकलेलं उत्तर दाबाचं होतं. स्केटच्या अरुंद पात्याखाली दाब वाढतो, दाबानं बर्फाचा वितळबिंदू खाली येतो, पाणी होतं, पाय घसरतो. दाबानं वितळबिंदू घसरतो हे भाकीत जेम्स थॉमसननं १८४९ मध्ये केलं, आणि पुढच्याच वर्षी त्याचा भाऊ विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचा लॉर्ड केल्व्हिन, यानं ते प्रयोगानं पडताळलं. स्केटिंगशी त्याची सांगड १८८६ मध्ये जॉन जोलीनं घातली. भौतिकी पक्की आहे. पण आकडे घालून पाहिलं तर काय होतं?

७० किलोचा स्केटर एका पायावर. वजनाचं बल सुमारे ६८६ न्यूटन. पात्याचा टेकलेला भाग ३ मिमी रुंद आणि ५० मिमी लांब धरला, तर क्षेत्रफळ १५० चौरस मिमी आणि दाब साधारण ४६ लाख पास्कल, म्हणजे ४५ वातावरणं (एक वातावरण म्हणजे समुद्रसपाटीवरचा हवेचा दाब). वितळबिंदू १ अंशानं खाली आणायला सुमारे १३५ वातावरणं लागतात. म्हणजे आमच्या स्केटरनं वितळबिंदू उतरवला तो एक तृतीयांश अंशानं. उणे १० अंशांच्या बर्फावर याचा काय उपयोग? पातं कडेवर झुकवलं आणि क्षेत्रफळ दहापट कमी धरलं, तरी साडेतीन अंशांच्या आतच गाडी अडकते. आणि बूट घालून चालणारा माणूस तर इतकाही दाब देत नाही, तरी पडतोच.

मग दुसरं उत्तर: घर्षणाची उष्णता. बॉडन आणि ह्यूज यांनी स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोखच्या बर्फाच्या गुहेत प्रयोग करून १९३९ मध्ये हे मांडलं. उष्णता चटकन वाहून नेणारा धातू बर्फावर कमी घसरतो आणि उष्णतेचा मंद वाहक असलेलं एबोनाइट (कडक केलेलं रबर) जास्त घसरतं, असं त्यांना दिसलं. दाबच कारण असता तर पदार्थ बदलून फरक पडायला नको होता. घासण्यातून निर्माण होणारी उष्णता जागेवर टिकते की पळते, यावर निसरडेपणा ठरतो.

पण उभ्या माणसाचं काय? तो अजून घासलेलाच नाही. इथे मायकेल फॅराडे कामाला येतो. बर्फाचे दोन तुकडे नुसते एकमेकांना टेकवले तरी चिकटतात, यावरून त्यानं १८५० मध्ये म्हटलं होतं की बर्फाच्या पृष्ठभागावर मुळातच द्रवासारखी पातळ त्वचा असते. आतल्या रेणूला चारी बाजूंनी शेजारी असतात, वरच्या रेणूचे काही हात मोकळेच राहतात, त्यामुळे तो सैल असतो. २०१८ मध्ये ॲमस्टरडॅम आणि माइन्त्सच्या शास्त्रज्ञांनी पोलादी गोळी बर्फावर घासून दाखवलं की फार कमी तापमानाला घर्षण मोठं असतं, तापमान वाढेल तसं उतरत जातं आणि हा उतार पृष्ठभागावरच्या रेणूंच्या हलतेपणाशी जुळतो.

आता मनात चित्र असं आहे: खाली पक्का बर्फ, वर सैल रेणूंची कातडी, आणि वेगानं घासलं तर तिच्यात भर घालणारं थोडंसं पाणी. ‘थोडंसं’ म्हणजे किती, तेही काढलं. स्केटरला साधारण ३.२ न्यूटन घर्षण आणि सेकंदाला १० मीटर वेग धरला, तर ३२ वॅट उष्णता तयार होते. ती सगळीच्या सगळी बर्फ वितळवण्यात गेली, तरी मिलिमीटरभर रुंद रेषेवर जेमतेम १० मायक्रोमीटरचा (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर होईल. प्रत्यक्षात बरीच उष्णता खालच्या बर्फात आणि पात्यात मुरते, म्हणून थर याहून खूप पातळ. पॅरिसच्या गटानं २०१९ मध्ये असा थर मोजला, तो मायक्रोमीटरच्याही आतला निघाला. शिवाय तो साध्या पाण्यासारखा पातळ नव्हता, तेलासारखा दाट होता.

हवामानाचा सगळा खेळ चालतो तो या केसाहून बारीक थरावर.

११ जानेवारी

तापमानाची पहिली पूर्ण मालिका. प्रत्येक पायरीला फ्रीझर चार तास स्थिर ठेवला, मग पाच-पाच फेऱ्या. सरासरी अशी:

उणे १८ ला १.७२ सेकंद, घर्षणांक साधारण ०.०६०.
उणे १२ ला १.४७ सेकंद, ०.०५०.
उणे ७ ला १.३१ सेकंद, ०.०४०.
उणे २ ला १.४२ सेकंद, ०.०४७.

शेवटची ओळ पाहून आधी वाटलं माझंच काहीतरी चुकलंय. उणे २ ला ठोकळा उणे ७ पेक्षा हळू? पुन्हा पाच फेऱ्या घेतल्या. तेच.

टॉर्च आडवा धरून बर्फ पाहिला तेव्हा कारण दिसलं. ठोकळ्याच्या पुढच्या कडेनं दोन बारीक चऱ्या पाडल्या होत्या आणि त्यांच्या काठाला बर्फाचा चुरा साचला होता. उणे १८ च्या बर्फावर अशी एकही रेघ नाही. वितळायच्या जवळ आलेला बर्फ मऊ पडतो, ठोकळा त्यात रुततो आणि नांगरत जातो. म्हणजे तापमान वाढवताना दोन गोष्टी उलट दिशांनी ओढत असतात. वरची कातडी सैल होते आणि घसरण वाढते, खालचा पाया मऊ होतो आणि घसरण घटते. मधे कुठेतरी सर्वांत कमी घर्षणाची जागा येणारच.

२०१८ च्या प्रयोगात ती जागा उणे ७ जवळ होती. नेदरलँड्सच्या डी कोनिंग आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये खऱ्या स्पीड स्केटरच्या पात्यांवर बल मोजलं, तेव्हा बर्फाच्या पृष्ठभागाचं उणे ६ ते उणे ९ हे तापमान सर्वांत घसरतं निघालं. त्यांचा घर्षणांक सरळ रेषेत सरासरी ०.००४६ आणि वळणावर ०.००५९ होता. माझा त्याच्या जवळजवळ दहापट. ठोकळा हळू जातो, त्याचा तळ पात्यासारखा घडवलेला नाही, त्यामुळे हे व्हायचंच. माझे आकडे मी माझ्याच आकड्यांशी ताडणार, स्केटरशी नाही. पण वक्राचा आकार तोच आहे, आणि तो माझ्या चार तारखेच्या अंदाजाला खोटं ठरवतो.

आइस हॉकीचा बर्फ जास्त थंड आणि कडक, तर फिगर स्केटिंगचा थोडा उबदार आणि मऊ का ठेवतात, हेही आज उमगलं. उडी मारून उतरणाऱ्या पात्याला बर्फानं धरायला हवं असतं.

१२ जानेवारी

नवा थर दिला. काही मोजलं नाही.

१५ जानेवारी

वाईट दिवस. फ्रीझर उणे ७ वर, भिंतीवरचा थर्मामीटर उणे ७ दाखवतोय. अकरा तारखेला हेच सर्वांत चांगलं तापमान होतं. ठोकळा सोडला. २५ सेमी गेला, मंदावला आणि थांबला. दुसऱ्यांदा ३० सेमी. तिसऱ्यांदा कसाबसा टोकाला पोचला, २.६ सेकंदांत. चौथ्यांदा १.९.

पाचर मोजली, उतार बरोबर ५ अंश. ठोकळा स्वच्छ. मोबाइल ठीक. तासभर डोकं धरून बसले.

आठवलं ते असं. सकाळी उतार पुन्हा लावताना झाकण वीसेक मिनिटं उघडं राहिलं होतं, आणि आज हवा चिकट दमट आहे. भिंगातून बर्फ पाहिला. सगळ्या पृष्ठभागावर पांढरी लव उगवली होती. प्रत्येक लव म्हणजे बारीक पिसासारखा स्फटिक, देठ बर्फात आणि टोक वर. ठोकळा ज्या पट्ट्यातून चार वेळा गेला तिथे ती चिरडून वाटेसारखी पुसलेली, आणि वाटेच्या शेवटी चिरडलेल्या लवेचा बारीक ढीग. म्हणून तर प्रत्येक फेरीला वाट मोकळी होत गेली आणि वेळ सुधारला. पहिल्या फेरीतला ठोकळा बर्फावरून गेलाच नव्हता, तो एका झुडपातून गेला होता.

मॅडमनी वही पाहिली आणि एकच विचारलं, “हे उणे सात कुणाचं? हवेचं की बर्फाचं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अकरा दिवस मी भिंतीचं तापमान लिहीत होते.

१६ जानेवारी

बर्फाच्या पृष्ठभागाचं तापमान घ्यायला केसाइतकी बारीक थर्मोकपल तार वरच्या थरात गोठवली. शिवाय अवरक्त थर्मामीटरही आणला. तो बर्फावर चांगला चालतो, पण चकचकीत पोलादावर धरला की खोलीचंच प्रतिबिंब वाचतो आणि भलताच आकडा देतो. ठोकळ्यासाठी त्याच्यावर विसंबायचं नाही.

लवेचा हिशेब. २५ अंशांच्या आणि ६० टक्के आर्द्रतेच्या हवेत बाष्पाचा दाब सुमारे १९०० पास्कल असतो. उणे ७ च्या बर्फाला लागून असलेल्या हवेत मावतो तो ३३८ पास्कल. साडेपाच पटींहून जास्त फरक. झाकण उघडताच बाष्प बर्फाकडे धावणार आणि थेट वायूचं घन होऊन बसणार.

तेवढ्यावर भागत नाही. बाष्पाचा बर्फ होताना ग्रॅममागे सुमारे २८३० ज्यूल सुप्त उष्मा सुटतो. माझ्या ट्रेमध्ये साधारण १.६५ किलो बर्फ आहे. एक ग्रॅम, फक्त एक ग्रॅम बाष्प त्यावर जमलं तर सगळा बर्फ ०.८ अंशानं तापेल, आणि तापायला सुरुवात अर्थातच वरून होईल, म्हणजे नेमकी जिथे घसरण ठरते तिथून. दमट हवा एकाच वेळी बर्फ खरखरीत करते आणि मऊही.

कर्लिंगचा (बर्फावर दगड सरकवायच्या खेळाचा) बर्फ राखणारे आर्द्रतेवर इतकं लक्ष का ठेवतात ते कळलं. त्या खेळात बर्फावर मुद्दाम पाण्याचे थेंब शिंपडून बारीक पुळ्या गोठवतात, जड दगड त्या पुळ्यांच्या माथ्यांवरून जातो. माथ्यांवर लव आली की दगड लवकर थांबतो आणि भलतीकडे वळतो. म्हणून बंदिस्त रिंकमध्ये गारव्याच्या यंत्राइतकंच हवा कोरडी करणारं यंत्र लागतं.

आज झाकण बंद ठेवलं, पृष्ठभाग उणे ७, कोरड्या मऊ ब्रशनं लव झाडली. १.३२, १.३०, १.३२. परत आले!

१८ जानेवारी

उघड्यावरचा बर्फ. तळं, ओढा, रस्ता, डोंगरउतार. तिथे झाकण नसतं आणि वर आकाश असतं.

शून्य अंशाचा बर्फ चौरस मीटरमागे ३०० वॅटहून थोडी जास्त उष्णता अवरक्त किरणांनी वर फेकत असतो. आकाश ढगाळ असेल तर ढग जवळजवळ तेवढीच परत खाली पाठवतात. निरभ्र, कोरड्या रात्री परत येणारी उष्णता बरीच कमी असते, आणि बर्फाचा पृष्ठभाग हवेपेक्षा काही अंश थंड होतो. म्हणजे हवामानाच्या अंदाजात एकच ‘उणे ३’ लिहिलेल्या दोन रात्रींत एका रात्री बर्फ उणे ३ च्या आसपास असेल आणि दुसऱ्या रात्री त्याच्या खूप खाली. तो हवेच्या दवबिंदूखाली (हवेतलं बाष्प जमू लागतं त्या तापमानाखाली) गेला की त्यावर लव धरणार. हवा शून्याच्या किंचित वर असतानाही रस्ता गोठलेला सापडतो, तो याच कारणानं.

दिवसा उलट. हे ट्रेवर करून पाहिलं. फ्रीझरच्या काठावर हॅलोजन दिवा लावला, अर्ध्या ट्रेवर पुठ्ठ्याची सावली. पाच मिनिटांत उघड्या भागाचा पृष्ठभाग उणे ७ वरून उणे ३ वर आला. सावलीतला भाग उणे ६.५. हवेतला थर्मामीटर जवळपास हललाच नाही. ठोकळा सावलीच्या पट्ट्यातून १.३३ सेकंदांत उतरला आणि उजेडाच्या पट्ट्यातून १.३९ मध्ये, मागे बारीक चऱ्या ठेवून. एकाच ट्रेवर, एकाच मिनिटाला, हाताच्या अंतरावर दोन वेगळे बर्फ. आजचा हा प्रयोग मला सगळ्यांत आवडला.

२०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी यानछिंगमध्ये बांधलेल्या बर्फाच्या घसरमार्गावर उन्हापासून आडोसा देणारी छपरं होती. खालून अमोनियानं गार केलेला मार्ग, तरी वरून सावली लागतेच. खालचं यंत्र बर्फाचा पाया सांभाळतं, वरची त्वचा आकाशाच्या ताब्यात असते.

२० जानेवारी

वारा. एक गैरसमज मलाही होता, तो इथे खोडते. वाऱ्यामुळे ‘जाणवणारं तापमान’ उणे २० झालं म्हणून बर्फ उणे २० होत नाही. तो आकडा उबदार शरीर किती झपाट्यानं उष्णता गमावतं याचा असतो. हवा उणे ५ असेल तर वारा बर्फाला उणे ५ कडेच ओढतो: निरभ्र रात्री जास्त थंड झालेल्या बर्फाला वर आणतो, उन्हात तापलेल्याला खाली आणतो. अपवाद एकच, हवा फार कोरडी असेल तर बर्फाची थेट वाफ होऊन पृष्ठभाग हवेपेक्षा थोडा थंड पडतो.

घसरणाऱ्यासाठी मात्र वाऱ्याचा दुसराच अर्थ. हवेचा विरोध सापेक्ष वेगाच्या वर्गानं वाढतो. सेकंदाला १० मीटरनं जाणाऱ्याला समोरून २ मीटरचा वारा लागला, तर विरोध ४४ टक्क्यांनी वाढतो. यापुढे बर्फाच्या घर्षणाची काय कथा, हे पाहायला गणकतक्ता मांडला.

२१ जानेवारी

तक्त्यातला स्केटर: वजन ७० किलो, वेग सेकंदाला १० मीटर, पाय हलवणं थांबवून नुसता घसरतोय. हवेला अडणारं परिणामी क्षेत्रफळ ०.२५ चौरस मीटर धरलं, हवेची घनता १.२.

हवेचा विरोध १५ न्यूटन. ०.००४६ घर्षणांकानं बर्फाचं घर्षण ३.२ न्यूटन. म्हणजे पाचांतले चार भाग हवेचे.

हवाच नसती तर तो ११०० मीटर गेला असता. हवेसकट थांबतो ४०८ मीटरवर. बर्फ बिघडून घर्षणांक ०.००५९ झाला तर ३६१ मीटर. चांगला बर्फ ठेवून हवाच विरळ केली, घनता १.०३, तर ४४२ मीटर.

हा शेवटचा आकडा उगाच घेतलेला नाही. सॉल्ट लेक सिटीचा स्केटिंगचा मार्ग समुद्रसपाटीपासून सुमारे १४२५ मीटरवर आहे आणि तिथली हवा साधारण एवढीच विरळ असते. लांब मार्गावरच्या स्पीड स्केटिंगचे जागतिक विक्रम बहुतांशी तिथे आणि कॅल्गरीत होतात, त्याचं मोठं कारण हे. हवेचा दाबही हवामानच आहे. वादळी, कमी दाबाच्या दिवशी त्याच मार्गावर हवा किंचित विरळ होते. आणि थंड हवा दाट: समुद्रसपाटीला २० अंशांची हवा घनमीटरला १.२० किलो, उणे २० ची १.४०. उघड्या तळ्यावर कडाक्याच्या थंडीत स्केटर मंदावतो, त्यात बर्फाइतकाच हवेचाही हात असतो.

मॅडमना वाटलं हे विषयाबाहेर चाललंय. मला तसं वाटत नाही. प्रश्न घर्षणाचा आहे तसा वेगाचाही आहे, आणि वेग मोजून त्याचं सगळं श्रेय किंवा खापर बर्फावर फोडणं हीच चूक टाळायची आहे. माझ्या ट्रेवरचा वेग इतका कमी की हवेचा विरोध सोडून देता येतो, एवढं मात्र त्यांच्या सांगण्यावरून तपासलं.

२४ जानेवारी

आज पोलादाऐवजी रबर. त्याच ठोकळ्याच्या तळाला सपाट रबराचा तुकडा चिकटवला.

उणे १८ ला ठोकळा जागचा हलला नाही. बोटानं ढकलला तरी दोन सेमी जाऊन थांबला. उणे ७ ला ढकलल्यावर थोडा जास्त. मग फ्रीझर बंद करून थांबले. पृष्ठभागावर ओलसर चमक आली, तारेवर उणे ०.५ दिसत होतं, आणि हलकासा धक्का देताच रबर थेट टोकापर्यंत निघालं आणि ट्रेच्या कडेवर आपटलं. पोलादासाठी उणे ७ चांगलं होतं आणि शून्याजवळ बिघडत होतं. रबराचं तसं नाही. ते बर्फात रुतून नांगरत नाही, आणि पाण्याचा थर मधे आला की त्याची पकडच सुटते.

हा प्रयोग खेळाचा नाही, रस्त्याचा आहे. ताशी ५० किमीनं चाललेली गाडी थांबायला लागणारं अंतर काढलं, चालकाला भान यायला लागणारा वेळ सोडून. कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.७ धरून १४ मीटर. कडक थंडीतल्या बर्फावर ०.२ धरला तर ४९ मीटर. ०.१ ला ९८. वितळू लागलेल्या, ओल्या बर्फावर ०.०५ धरला तर १९७ मीटर. ‘आज थंडी जरा कमी आहे’ असं म्हणून निश्चिंत व्हावं असा तो दिवसच नसतो. शून्याच्या आसपासचा दिवस टायरसाठी आणि बुटांसाठी सर्वांत वाईट. पातळ पारदर्शक थरातून खालचं डांबर दिसत राहतं, म्हणून डोळाही फसतो.

२५ जानेवारी

दुसऱ्या टोकाची थंडी माझ्या फ्रीझरच्या आवाक्याबाहेरची. पण तिचा अनुभव घेतलेली माणसं आहेत. १९११ च्या जून ते ऑगस्टमध्ये, अंटार्क्टिकातल्या काळोख्या हिवाळ्यात, स्कॉटच्या मोहिमेतले विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड हे तिघं केप क्रोझियरला स्लेज ओढत गेले. तापमान उणे ६० च्या आसपास उतरलं होतं. त्या थंडीत बर्फ त्यांना वाळूसारखा लागला. दोन स्लेज एकत्र ओढवेनात, म्हणून एक पुढे न्यायची, परत यायचं, मग दुसरी. एक मैल पुढे सरकायला तीन मैल चाल.

आठ तारखेच्या चित्रात हे चपखल बसतं. इतक्या थंडीत वरचे रेणू जवळपास जखडलेले, आणि माणसाच्या चालीच्या वेगानं घासून निघणारी उष्णता थर तयार करायला पुरत नाही. आकड्यांचा वक्र डावीकडे चढत जातो, तो त्या तिघांच्या खांद्यांवर चढला होता.

२८ जानेवारी

नोंदीचा तक्ता बदलला. आधी एकच रकाना होता, ‘तापमान’. आता: पृष्ठभागाचं तापमान, हवेचं तापमान, आर्द्रता, झाकण किती वेळ उघडं होतं, पृष्ठभाग कसा दिसतो (भिंगातून, शब्दांत), ठोकळा किती वेळ बर्फावर टेकून होता. हा शेवटचा रकाना गेल्या आठवड्यात वाढला. उणे २ ला ठोकळा दहा सेकंद टेकवून ठेवला की खालची ओल पुन्हा गोठून तो चिकटतो आणि सुटताना टक असा आवाज येतो.

अकरा तारखेची मालिका जुन्या रकान्यानं घेतलेली आहे, म्हणून ती पूर्ण पुन्हा करायची. त्या दिवशी भिंत आणि बर्फ यांत किती फरक होता ते आता कळायला मार्ग नाही, त्यामुळे ते आकडे वहीत राहतील पण आलेखावर जाणार नाहीत.

२ फेब्रुवारी

नवी मालिका पूर्ण. पृष्ठभाग उणे १८, १५, १२, ९, ७, ५, ३, १. सर्वांत कमी वेळ उणे ७ ला, १.३० सेकंद. उणे ९ ला १.३३, उणे ५ ला १.३२. तळ अपेक्षेपेक्षा पसरट आहे. उणे १ ला १.५१ आणि चऱ्या नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या.

मग मुद्दाम एक शेवटची फेरी. पृष्ठभाग उणे ७, झाकण दहा मिनिटं उघडं, बाहेर पावसाळी हवा. तारेवरचा आकडा उणे ५.८ झाला आणि लव दिसू लागली. ठोकळा ३३ सेमीवर थांबला. लव झाडली, झाकण लावून तासभर वाट पाहिली, पृष्ठभाग पुन्हा उणे ७. १.३१ सेकंद.

मॅडमनी दोन्ही चित्रफिती शेजारी शेजारी लावून पाहिल्या आणि म्हणाल्या, “आता हे दोन्ही उणे सात आलेखावर वेगवेगळ्या खुणांनी दाखव.” उद्या तेच करायचंय: स्वच्छ बर्फाला भरीव गोल, लव धरलेल्याला पोकळ.